बी.कॉम.ची ओजेटी: सोलापुरात १२० तास कुठे आणि कसे लावायचे?

तिसरं_वर्ष (प्रश्न)

आमची बॅच २०२४ ला पहिल्या वर्षाला आलेली, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाची. कॉलेज सोलापुरातच, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न. सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांची (क्रेडिटची) ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण आहे. कॉलेजचं म्हणणं एवढंच की जागा तुमची तुम्ही शोधा आणि शेवटी प्रमाणपत्र आणून द्या.

सीए ऑफिस, पतसंस्था, एमआयडीसीतला टॉवेल कारखाना, मॉल, यांतलं काय धरावं? वर्गातले निम्मे म्हणतायत की ओळखीतून सही-शिक्का घ्यायचा आणि तो वेळ बँकेच्या परीक्षेला द्यायचा. त्यात तोटा काय? आणि पदवीबरोबर कौशल्याचे म्हणून जे एवढे पेपर घ्यायला लावले, त्यातलं नोकरी देणारा माणूस खरंच काय बघतो? जाणकारांनी सांगा की ओ.

समन्वयक_वाणिज्य

आधी तासांचा हिशेब. वर्गातल्या शिकवण्याला १ श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाला आणि ओजेटीला १ श्रेयांक म्हणजे ३० तास. म्हणून ४ श्रेयांकांचे १२०. राज्याच्या आराखड्यात पाचव्या सत्रात २ श्रेयांकांचा क्षेत्रप्रकल्प किंवा समाजसहभाग आणि सहाव्यात ओजेटी अशी मांडणी आहे. तुमच्या विषयाचा नेमका तक्ता अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये असतो. ती स्वतः उतरवून घ्या, नोटीस बोर्डाच्या भरवशावर राहू नका.

हे १२० तास कसे पसरवायचे, हा जागेइतकाच मोठा निर्णय आहे, आणि त्याचा विचार जवळपास कोणीच करत नाही. रोज ८ तास धरले तर १५ दिवसांत मोकळे. पण पंधरा दिवसांच्या पाहुण्यावर कोणी काम सोपवत नाही, झेरॉक्स काढण्यात आणि फाइली लावण्यात ते दिवस जातात. रोज ३ तास धरले तर कामाचे ४० दिवस होतात, म्हणजे साधारण दीड महिना. लेखाकामाला हेच बरं, कारण तिथलं काम महिन्याच्या चक्रावर फिरतं. आधीच्या महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेपर्यंत, १४ तारखेला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची पोर्टलवरची यादी) तयार होतं, मग खरेदीचा मेळ, आणि २० तारखेपर्यंत ३बी (कर भरायचं विवरणपत्र). हे चक्र एकदा पूर्ण बघितलं की डोक्यात बसतं. १५ तारखेला रुजू होऊन महिनाअखेर बाहेर पडलेल्या मुलाने शेपूट बघितलेलं असतं, हत्ती नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू करता आलं तर उत्तम. मासिक विवरणपत्रांसोबत तिमाही भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचंही काम त्याच महिन्यात येतं, त्यांचं जीएसटीआर-१ १३ तारखेला आणि ३बी आपल्या राज्यात २२ तारखेला. दोन्ही पद्धती एकाच महिन्यात बघायला मिळतात. मार्चमध्ये जायचं टाळा. वर्षअखेरीच्या घाईत शिकवायला कोणाला सवड नसते आणि तुमची परीक्षा डोक्यावर असते. आपलं विद्यापीठ एका जिल्ह्याचं. त्यामुळे जिल्ह्यातली सगळी कॉलेजं एकाच सत्रात मुलं बाहेर काढतात आणि शहरातल्या चांगल्या जागा लवकर भरतात. विचारायला नोव्हेंबरमध्येच सुरुवात करा.

आता कागद. कॉलेजचं शिफारसपत्र, आस्थापनेचं स्वीकृतिपत्र, रोजची नोंदवही, पर्यवेक्षकाचा मूल्यमापन तक्ता, प्रमाणपत्र आणि तुमचा अहवाल. प्रमाणपत्रावर 'ओजेटी समाधानकारकरीत्या पूर्ण केली' एवढंच असेल तर ते कॉलेजला चालेल कदाचित, पुढे काही कामाचं नाही. सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास, नेमकं कोणतं काम केलं याच्या दोन ओळी, सही करणाऱ्याचं पद आणि फोन नंबर, हे हवंच. नोंदवही एका रात्रीत एकाच पेनाने भरलेली परीक्षकाला पहिल्या पानावर कळते. दिवसाला तीन ओळी पुरतात: काय केलं, कुठे अडलं, कोणी सांगितलं.

आणखी एक किरकोळ वाटणारी गोष्ट, पण दरवर्षी यात मुलं अडकतात. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आधी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त अद्याक्षर. श्रेयांक बँकेत (श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्यात) श्रेयांक न दिसणं, अप्रेंटिसच्या पोर्टलवर नोंदणी अडकणं, या तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हीच तफावत निघते. डिजिलॉकर उघडून आजच तपासा. दुरुस्तीला वेळ लागतो आणि निकाल लागल्यावर त्यासाठी सवड नसते.

सही-शिक्क्याचं म्हणाल तर खरं सांगतो. फक्त बँकेच्या आयबीपीएस क्लार्क परीक्षेचंच ध्येय असेल तर तिथे मुलाखत नाही. पूर्व आणि मुख्य परीक्षा असते, ओजेटी कोणी विचारणार नाही. पीओला (बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला) मुलाखत असते, तिथे विचारतील. पण रोज ३ तासच द्यायचे असतील तर अभ्यासाला वेळ उरतोच की.

दिवाणजी

समन्वयक सरांनी कागदांचं सांगितलं, मी गादीच्या बाजूचं सांगतो.

नोकरी देणारा पदवीच्या गुणपत्रिकेवरचं मेजर-मायनर वाचत बसत नाही, त्याला त्यातलं फारसं कळतही नाही. 'टॅली येते' हे तर प्रत्येक अर्जात असतंय. म्हणून तपासायची पद्धत सोपी असते. एका महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि टॅलीतलं बँकेचं खातं समोर ठेवायचं आणि म्हणायचं, मेळ घाल. पास झालेली मुलंही इथे गडबडतात. दिलेले पण न वटलेले चेक, परस्पर कापलेले बँक चार्जेस, ग्राहकाने सांगितल्याशिवाय टाकलेली आरटीजीएस. ही तीन कारणं ज्याला शोधता येतात त्याला दुसऱ्या दिवशी बोलावतात.

दुसरी परीक्षा खरेदीच्या मेळाची. खरेदी रजिस्टर एका शीटमध्ये, २बी दुसऱ्या शीटमध्ये. एक्सेलमध्ये नुसत्या बिल नंबरवर व्हीलुकअप लावलं की फसलात. पुरवठादार बिलावर '००४५' लिहितो, पोर्टलवर '४५' टाकतो, आणि दोन वेगळ्या पार्ट्यांचा बिल नंबर एकच असू शकतो. जीएसटीआयएन (पार्टीचा जीएसटी नंबर) आणि करपात्र रक्कम जोडून जुळवणीची किल्ली तयार करा, रुपया-दोन रुपयांचा फरक धरून चला. उरलेल्यांचे गठ्ठे करा: पार्टीने अजून भरलंच नाही, चुकीच्या जीएसटीआयएनवर टाकलं, पुढच्या महिन्यात दाखवलं, किंवा आपण बिलच दोनदा घेतलं. हे गठ्ठे करून पार्टीला फोन लावणं, हेच ज्युनियर अकाउंटंटचं निम्मं काम.

जागेबद्दल म्हणाल, तर सोलापुरात राहून ओजेटी करणार असाल तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा नाहीतर गारमेंटचा कारखाना सोडू नका. सीए ऑफिसात पन्नास धंद्यांचे कागद दिसतात पण माल दिसत नाही. कारखान्यात कागद आणि माल एकत्र दिसतात. आपल्याकडे बरंच काम जॉबवर चालतंय. मालक सूत देतो, मागवाला विणून टॉवेल परत देतो, रंगाईला तिसरीकडे जातं. त्याचा हिशेब किलोत ठेवावा लागतो, नगात नाही.

समजा ५०० किलो सूत चलनावर गेलं आणि ४७० किलो टॉवेल परत आले. वेस्ट ३ टक्के ठरलेलं, म्हणजे १५ किलो. मग ४८५ यायला हवे होते, १५ किलोचा पत्ता नाही. नवा मुलगा लगेच म्हणतो चोरी झाली. आधी बघायचं ते हे: मागावर बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) किती शिल्लक आहे, ओलं सूत तोलून दिलं होतं का, आणि परतीचं एखादं चलन अजून एंट्रीला यायचंय का. तिन्ही बघून झाल्यावरही फरक राहिला तर मग मागवाल्याशी बोलायचं. जॉबला दिलेला माल जीएसटीप्रमाणे वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पुरवठाच धरतात. आयटीसी-०४ या जीएसटीच्या फॉर्ममध्ये हे सगळं दाखवायचं असतंय, ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. हे एवढं ज्याला मुलाखतीत न अडखळता सांगता येतं, त्याची पदवी कुठल्या कॉलेजची हे कोणी विचारत नाही.

निर्यात करणारं युनिट मिळालं तर आणखी चांगलं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठी द्यायचं हमीपत्र) हे शब्द कानावरून जातात. शिपिंग बिलातला आणि जीएसटीआर-१ मधला इन्व्हॉइस नंबर जुळला नाही तर परतावा का अटकतो, हे एकदा डोळ्यांनी बघा.

पतसंस्थेत रोखीचं काउंटर बाहेरच्या मुलाला देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे तिथे फॉर्म भरून घेण्यापलीकडे फारसं हाती लागत नाही. मॉलबद्दल बोलायला नको.

हुतात्माने_पुणे

वरची दोन्ही उत्तरं सोलापुरात राहणाऱ्यांसाठी झाली. निम्मी पोरं पुण्याला जाणार हे धरून चाला. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी.

कॉलेजच्या प्लेसमेंटच्या आकड्यात आधी भागाकाराच्या खालची संख्या विचारा. उत्तीर्ण झालेले सगळे, की प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेले, की कंपनीच्या निकषात बसलेले? तिसरी संख्या घेतली की टक्केवारी कशीही छान दिसते. मग विचारा, ऑफर मोजल्या की मुलं? एकाला तीन ऑफर आल्या तर तीन धरल्यात का? पगाराची सरासरीही अशीच फसवी. पाच जणांना वर्षाला १.८, २, २.२, २.४ आणि ९ लाख मिळाले तर सरासरी ३.४८ लाख येते, मधला आकडा मात्र २.२ लाख. एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं हा मधला पगार आणि नोकरी लागलेल्यांची संख्या कळवतात, आणि ती माहिती त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. जाहिरातीचा फलक वाचण्यापेक्षा ते पान उघडा.

कंपन्यांचा नेहमीचा निकष दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के आणि एकही विषय मागे नाही असा असतो. ऑनलाइन फॉर्म टक्के मागतो, तुमच्याकडे सीजीपीए. मनाने दहाने गुणू नका, विद्यापीठाच्या नियमातलं सूत्र वापरा आणि त्याची प्रत ठेवा. कागदपत्र तपासणीत एका टक्क्याच्या फरकाने ऑफर अडकते.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३ लाख म्हणजे महिना २५ हजार नव्हे. त्यात १० टक्के 'व्हेरिएबल' असेल तर ३० हजार तिथेच बाजूला, उरले महिन्याला साडेबावीस. बेसिक निम्मं धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,३५० आणि ग्रॅच्युइटी साधारण ५४० त्याच सीटीसीतून. मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,३५०, व्यवसाय कर २००, आणि पगार २१ हजारांच्या आत असल्याने ईएसआय. हातात १८ ते १९ हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, खानावळ लावून त्यातलं किती उरतं ते कागदावर मांडा, मग सोलापुरातल्या १२ हजारांना नाक मुरडा. पुण्यात पहिली नोकरी पगारासाठी धरू नये, दुसऱ्या नोकरीसाठी धरावी, हे माझं मत.

मुलाखतीला एका दिवसात जाऊन यायचं तर हुतात्मा एक्स्प्रेस आहेच, पण वेळ बाराच्या पुढची मागून घ्या. दौंडच्या आसपास गाडी रखडली तर दहा-अकराची वेळ हुकते, आणि एचआर दुसरी वेळ देईलच असं नाही.

तिसरं_वर्ष

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. ओजेटी केली तर पदवीनंतरच्या सरकारी अप्रेंटिसशिपला अडचण येते का? आणि माझी बहीण बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, तिने कुठे जावं?

केगाव_स्टॉप

अडचण नाही. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग, तो अप्रेंटिस कायद्याखालचा करार नाही. पण उलटं लक्षात ठेवा: नॅट्सवर (केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर) एकदा करार नोंदवून अप्रेंटिसशिप केली की पुन्हा मिळत नाही. म्हणून घाईने कुठल्याही दुकानात नाव अडकवू नका. एक वर्षाची संधी आहे, जिथे काम शिकायला मिळेल तिथेच वापरा.

मालकाशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. १९६१ च्या कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, कंत्राटी माणसं धरून. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. आणि नॅट्समध्ये पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. एमआयडीसीतल्या बऱ्याच मालकांना हे सांगितल्याशिवाय माहीत नसतं. ओजेटीत चांगलं काम केलंत की शेवटच्या आठवड्यात हाच विषय काढा: 'मला वर्षभर अप्रेंटिस म्हणून घ्या.' पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी आधी लागते, ती करून द्यायला तुम्हीच मदत करा. विद्यावेतनातला सरकारी वाटा थेट खात्यात येतो, म्हणून बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं नको, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) सीड झालेलं हवं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत जाऊन हाच शब्द वापरून विचारा.

राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी, त्यात पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरलं होतं. पण शिक्षण चालू असणाऱ्याला ती नाही. राज्याच्या 'महास्वयं' पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, जागा निघाल्या तर कळेल.

गाळप_हंगाम

बहिणीसाठी: साखर कारखान्याची प्रयोगशाळा. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतं आणि सहावं सत्र नेमकं त्यातच येतं. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, तिच्या गावाजवळचाच बघा. प्रयोगशाळा पाळ्यांमध्ये चालते, त्यामुळे कॉलेज सांभाळून सकाळची पाळी किंवा दुपारची पाळी मागता येते. रात्रपाळीला विद्यार्थ्यांना सहसा ठेवत नाहीत.

तिथे शिकायचं ते हे: रसाचं ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांचं प्रमाण), पोलॅरिमीटरवर पोल (साखरेचं प्रमाण), त्यावरून प्युरिटी म्हणजे पोल भागिले ब्रिक्स गुणिले १००, बगॅसमधला (उसाच्या चोथ्यातला) पोल आणि ओलावा. पहिल्या आठवड्यात तिचे आकडे जुन्या केमिस्टच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. तीन कारणं नेहमीची: रस थंड न होऊ देता ब्रिक्स घेतलं आणि तापमानाची दुरुस्ती केली नाही, रसातली हवा निघू न देता हायड्रोमीटर सोडला, पोलच्या नळीत बुडबुडा राहिला. नमुना तासभर तसाच ठेवला तर साखर उलटते (तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं) आणि पोल कमी दिसतो, हे चौथं. तिने दोन आठवडे एकाच नमुन्यावर स्वतःचा आणि केमिस्टचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवावा आणि फरक कसा कमी होत गेला ते अहवालात आलेख काढून दाखवावं. प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीत पन्नास पानी छापील अहवालापेक्षा ते एक पान जास्त बोलतं. ते उघड करायला कारखान्याची परवानगी मात्र घ्या. साखरेचा उतारा आणि रोजचं गाळप असले आकडे बाहेर न्यायचे नाहीत.

दिवाणजी

हे बरं काढलंत. कॉमर्सवाल्यांनाही तेच. गिऱ्हाइकांची नावं, दर, खातेउतारे यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन अहवालाला जोडणारी पोरं असतात. त्या दिवशी मालकाने दार बंद केलं की पुढच्या वर्षीच्या बॅचलाही ते बंदच. नावं बदलून, रकमा बदलून, तीच पद्धत नव्या फाइलमध्ये करा: पन्नास खोटी बिलं, खोटं २बी, मेळ आणि गठ्ठे. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मुलाखतीला जा आणि स्वतःहून म्हणा, 'दाखवू का?'

आणि 'प्रमाणपत्राचे एवढे पैसे द्या, यायची गरज नाही' म्हणणारे क्लासवाले भेटतील. त्यांना एक पैसा देऊ नका. मालकाकडे जाताना कॉलेजचं पत्र, एक फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन सकाळी अकरानंतर जा. त्याआधी कारखान्यात माल उतरवायची घाई असतीय, कोणी नीट बोलत नाही.